सोलापुरातून परराज्यात गाय-बैल पाठवताना : आरोग्य प्रमाणपत्राची पूर्वतयारी, तपासणी आणि प्रवास

सोलापूर जिल्ह्याची दक्षिण आणि आग्नेय हद्द कर्नाटकाला लागून आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढा या तालुक्यांतील शेतकऱ्यांचे सोयरसंबंध, बाजारहाट आणि जनावरांचे सौदे विजयपूर व कलबुर्गी जिल्ह्यांशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. खिल्लार हा तर दोन्ही राज्यांच्या मातीतला गोवंश आहे, त्यामुळे सांगोल्याचा रविवारचा बाजार असो वा पंढरपूरची कार्तिकी, तेथे झालेल्या सौद्यातले जनावर हद्दीपलीकडे जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. मात्र हे जनावर गाडीत चढवण्यापूर्वी त्याच्यासोबत पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र असणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि पुष्कळ शेतकरी या प्रमाणपत्राचा विचार गाडी दारात उभी राहिल्यावरच करतात. प्रत्यक्ष तपासणी निघण्यापूर्वीच्या बारा तासांत होते हे खरे, परंतु त्या तपासणीत पशुवैद्यकाला निःशंकपणे सही करता यावी अशी जनावराची स्थिती आणि कागदपत्रे महिनाभर आधीपासून तयार करावी लागतात. म्हणून पुढील माहिती त्याच क्रमाने, म्हणजे महिनाभर आधीपासून सुरुवात करून दिली आहे.

प्रमाणपत्र कोणत्या नियमांनी मागितले जाते

मुख्य आधार प्राण्यांची वाहतूक नियम, १९७८ हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली हे नियम केलेले असून त्यांतील ४६ ते ५६ हे नियम गाई-बैलांच्या वाहतुकीसाठी आहेत. नियम ४७ नुसार जनावरे प्रवासास योग्य आहेत आणि त्यांना संसर्गजन्य, सांसर्गिक किंवा परोपजीवीजन्य रोग नाही, असे पात्र पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र प्रत्येक खेपेसोबत असावे लागते. ते नसेल तर वाहतूकदाराने माल म्हणून ती जनावरे स्वीकारूच नयेत, असेही त्याच नियमात म्हटले आहे. प्रमाणपत्राचा नमुना नियमांच्या ‘ई’ अनुसूचीत दिलेला आहे. २००१ मध्ये या नियमांत भर पडली आणि सर्व संबंधित कायद्यांचे पालन झाले आहे अशा आशयाचे, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने किंवा केंद्र सरकारने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याचे, व्यक्तीचे अथवा संस्थेचे आणखी एक प्रमाणपत्र त्यात आले. पुष्कळांना या दुसऱ्या कागदाची कल्पना नसते. तो आपल्याकडे कोणाकडून घ्यायचा, हे पशुसंवर्धन विभागाच्या जिल्हा कार्यालयात अगोदरच विचारून ठेवावे.

दुसरा आधार प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ हा आहे. एखाद्या रोगासाठी शासनाने एखादे क्षेत्र ‘नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित केले, की त्या रोगाला बळी पडणाऱ्या प्रजातीच्या जनावरांची ने-आण बंद किंवा अटींनी मर्यादित होते. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ पसरली तेव्हा सप्टेंबरमध्ये संपूर्ण महाराष्ट्र असे नियंत्रित क्षेत्र घोषित झाला होता, जनावरांचे बाजार बंद ठेवले गेले होते आणि सौदे झालेली जनावरेही जागच्या जागी राहिली होती. अशी अधिसूचना लागू असताना वैयक्तिक प्रमाणपत्राने काहीही साधत नाही, हे लक्षात ठेवावे.

गोवंश हत्याबंदीचा कायदा महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, वळू आणि बैल या तिन्हींना लागू आहे, आणि कत्तलीसाठी राज्याबाहेर जनावर नेणे हा त्याखाली गुन्हा आहे. कर्नाटकाचा स्वतंत्र कायदा २०२० चा असून त्यात तेरा वर्षांखालील म्हशी-रेड्यांचाही समावेश होतो. जनावर शेतीसाठी, दुधासाठी किंवा पैदाशीसाठी चालले आहे हे कागदावरून सिद्ध करता येणे म्हणूनच विक्रेत्याच्याही हिताचे आहे आणि खरेदीदाराच्याही.

महिनाभर आधी : बिल्ला, लस आणि नोंद

सुरुवात कानातील बिल्ल्यापासून करावी. बारा अंकी क्रमांकाचा हा पिवळा बिल्ला म्हणजे जनावराची ओळख असून त्याच क्रमांकावर ‘भारत पशुधन’ या राष्ट्रीय प्रणालीत मालकाचे नाव, जात, वय आणि प्रत्येक लसीकरणाची तारीख नोंदवली जाते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई आहे, आणि विक्रीसाठी ग्रामपंचायतीने द्यायच्या दाखल्यावरही हाच क्रमांक लिहिणे अपेक्षित आहे.

येथे एक काम मालकाने स्वतः केल्याशिवाय राहू नये. जनावराला दावणीला बांधून, बिल्ल्यावरचा चिखल ओल्या फडक्याने पुसून, बाराही अंक एकाने मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने लिहून घ्यावेत. नंतर दवाखान्यात जाऊन त्या क्रमांकावर प्रणालीत कोणाचे नाव दिसते ते पाहावे. जनावर बाजारातून घेतलेले असेल तर तेथे पुष्कळदा आधीच्या मालकाचे नाव असते, क्वचित खिल्लार खोंडाच्या जागी संकरित कालवड नोंदलेली दिसते. बिल्ला कडब्याच्या पेंढीत किंवा कुंपणाच्या तारेत अडकून तुटलेला असेल तर नवा बिल्ला मारून जुन्या नोंदीशी जोडून घ्यावा लागतो. ही दुरुस्ती सवडीने सहज होते, पण निघायच्या दिवशी ती करायला वेळ मिळत नाही आणि मग सगळी खेप अडून राहते.

त्यानंतर लसीकरण. लाळ्या-खुरकुताची लस राष्ट्रीय कार्यक्रमाखाली चार महिन्यांवरील जनावरांना दर सहा महिन्यांनी दिली जाते. सहा महिने उलटून गेले असतील तर जनावर लसविरहित समजावे. लम्पीच्या प्रतिबंधासाठी आपल्याकडे साथीच्या काळात शेळ्यांच्या देवीची लस गोवंशाला देण्यात आली. कोणत्याही लसीने अंगात प्रतिकारशक्ती तयार होण्यास साधारण तीन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आदल्या दिवशी लस टोचून दुसऱ्या दिवशी जनावर गाडीत भरणे निरुपयोगी आहे. इतकेच नव्हे तर लसीचा ताप आणि प्रवासाचा ताण एकत्र आल्याने ते अपायकारकही ठरते. प्रवासाच्या तारखेपासून मागे मोजून किमान २८ दिवस आधी लस झालेली असावी, असा नियम मालकाने स्वतःपुरता ठरवून घ्यावा. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसीही याच हिशेबाने पूर्ण कराव्यात.

दुधाळ गाई आणि पैदाशीच्या कालवडी यांच्या बाबतीत नियम मागतो त्याच्या पुढे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. सांसर्गिक गर्भपाताची म्हणजे ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी आणि क्षयरोगाची त्वचाचाचणी करून घ्यावी. क्षयाच्या चाचणीत टोचल्यानंतर ७२ तासांनी कातडीची जाडी पुन्हा मोजायची असते, म्हणून पशुवैद्यकाच्या दोन भेटी ठरवाव्या लागतात. ब्रुसेलोसिसची लस चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांनाच दिली जाते. ती झालेली असल्यास तारीख सोबत ठेवावी, कारण लसीमुळे रक्ततपासणीच्या निष्कर्षाचा चुकीचा अर्थ लागू शकतो. बाहेरून गाभण दिसणारी, पण आत हा रोग बाळगणारी गाय दुसऱ्याच्या गोठ्यात पाठवणे म्हणजे त्या कुटुंबाचे दोन-तीन वर्षांचे उत्पन्न धोक्यात घालणे आहे, शिवाय हा आजार कच्च्या दुधातून आणि वारेच्या (व्याल्यानंतर पडणाऱ्या झिल्लीच्या) संपर्कातून माणसालाही होतो.

दहा दिवस आधी

गोचिडांचा बंदोबस्त या टप्प्यात करावा. प्रमाणपत्रात परोपजीवींचाही स्पष्ट उल्लेख असल्याने कानाच्या पाळीत, शेपटीखाली आणि कासेच्या मागे गोचिडांचे झुबके असलेले जनावर तपासणीत नापास होऊ शकते. पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणातच औषध वापरावे आणि गोठ्याच्या भिंतींच्या भेगाही फवारून घ्याव्यात, नाहीतर आठवडाभरात पुन्हा तीच अवस्था होते. याच काळात जंतनाशक द्यावे आणि वाढलेले खूर छाटून घ्यावेत, म्हणजे जखम झालीच तर भरायला अवधी मिळतो.

बरोबर जाणारी जनावरे एका गोठ्यात एकत्र बांधावीत. किमान आठवडाभर एकत्र राहिलेली जनावरेच एका गटात न्यावीत, अशी अपेक्षा नियमांतही आहे; अनोळखी बैल गाडीत शेजारी आले की शिंगांच्या जखमा ठरलेल्या. नवीन जनावर या गटात या दिवसांत आणू नये. शक्यतो बाजारातून थेट परराज्यात नेणे टाळावे, कारण लाळ्या-खुरकुताची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ जातो आणि लम्पीच्या बाबतीत हा काळ याहून मोठा असू शकतो. बाजारच्या दिवशी निरोगी दिसणारे जनावर त्या रात्री निरोगी असेलच, याची खात्री कोणताही पशुवैद्यक देऊ शकत नाही.

याच आठवड्यात दोन ठिकाणी चौकशी करावी. आपल्या आणि मुक्कामाच्या अशा दोन्ही जिल्ह्यांत एखाद्या रोगासाठी निर्बंध लागू आहेत का, आणि पोहोचण्याच्या राज्यात प्रवेशासाठी वेगळी परवानगी अथवा नमुना लागतो का, हे विचारून घ्यावे. खरेदीदाराने आपल्या तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यात ही विचारणा केली तर उत्तर लवकर मिळते. १९६२ या क्रमांकावरही पशुसंवर्धन विभागाची मदतसेवा आहे.

सही कोणाची चालते

याविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार जनावराच्या आरोग्याचे प्रमाणपत्र केवळ नोंदणीकृत पशुवैद्यकाला देता येते, म्हणजे ज्याच्याकडे पशुवैद्यकशास्त्राची पदवी आहे आणि राज्य परिषदेकडे ज्याची नोंद आहे अशाच व्यक्तीला. श्रेणी एकच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकारी हे पदवीधर पशुवैद्यक असतात. श्रेणी दोनच्या दवाखान्यात पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक असतात. ते लस टोचतात, प्राथमिक उपचार करतात, बिल्ले मारतात आणि त्यांच्यावाचून खेड्यातील पशुपालन चालणार नाही, तरीही या प्रमाणपत्रावर त्यांची सही ग्राह्य नसते. गावात श्रेणी दोनचा दवाखाना असेल तर जवळच्या श्रेणी एकच्या दवाखान्यात, तालुक्याच्या ठिकाणी किंवा सोलापुरातील सर्वचिकित्सालयात (जिल्ह्याच्या मोठ्या पशुवैद्यकीय रुग्णालयात) आठवडाभर आधी अर्ज देऊन वेळ ठरवावी. सहीखाली पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, शिक्का, तारीख आणि वेळ असल्याची खात्री करावी.

तपासणीचा दिवस

तपासणी निघण्यापूर्वी जास्तीत जास्त बारा तास आधी झालेली असावी, आणि ती वाहनात झाल्याचे पशुवैद्यक प्रमाणित करतो, असे नमुन्याचे शब्द आहेत. दुपारी चारला तपासणी झाली आणि गाडी पहाटे पाचला निघाली तर कागद कालबाह्य झाला. म्हणून गाडी, चालक आणि सोबतचा माणूस हजर असल्याशिवाय पशुवैद्यकाला बोलावू नये. सोलापूरचा उन्हाळा पाहता मार्च ते जून या काळात दिवस मावळताना तपासणी आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास प्रस्थान हा क्रम सर्वांत सोयीचा असतो. तपासणीपूर्वी तासभर तरी जनावरे सावलीत शांत बांधलेली असावीत. गाई-बैलांचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते, आणि उन्हातून चालवत आणलेल्या जनावराचे तापमान आजाराविनाच वाढलेले मिळते.

पशुवैद्यक आधी जनावर जमिनीवर उभे असताना पाहतो. ते दहा-वीस पावले चालवून घेतले जाते, कारण लंगडेपणा उभ्या जनावरात लपतो. तोंड उघडून जीभ, हिरड्या आणि वरची दातवणी (वरच्या पुढच्या दातांच्या जागी असलेली कडक गादी) पाहिली जाते, दोन खुरांमधली बेचकी बोटांनी फाकवून तेथे फोड किंवा जखम आहे का ते तपासले जाते, कारण लाळ्या-खुरकुताच्या खुणा या दोन ठिकाणी सर्वप्रथम दिसतात. नंतर मान, खांदा आणि मांडीवरून हात फिरवून गाठी चाचपल्या जातात. लम्पीची सुरुवातीची गाठ खिल्लारच्या घट्ट, आखूड केसांच्या कातडीत नजरेला कमी आणि हाताला जास्त जाणवते. खांद्यापुढची लसिकाग्रंथी सुजलेली असेल तर अनुभवी पशुवैद्यक तेथेच थांबून पुन्हा तापमान घेतो. डोळे, नाकपुड्या, श्वास, कास आणि रवंथ हेही पाहिले जाते.

ओळखीच्या रकान्यात केवळ ‘पांढरा बैल’ असे लिहून चालत नाही. बिल्ल्याचा क्रमांक, लिंग, दातांवरून वय म्हणजे आदत (कायमचे दात न आलेला), दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला (सर्व दात आलेला), रंग, शिंगांचा आकार, अंगावरचे भोवरे आणि जुने डाग असे लिहून घ्यावे. बिल्ला वाटेत गळून पडला तर जनावराची ओळख या नोंदीवरूनच पटवता येते. नमुन्यात बुळकांडीच्या लसीचाही उल्लेख आहे. हा रोग भारतातून नाहीसा झाल्याचे २००६ मध्ये आणि जगातून नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले असून त्याची लस आता दिली जात नाही. लसीच्या रकान्यात लाळ्या-खुरकूत व इतर दिलेल्या लसींची नावे आणि तारखा लिहून घ्याव्यात आणि त्या प्रणालीतील तारखांशी ताडून पाहाव्यात.

काही जनावरांना प्रमाणपत्र मिळणारच नाही. नुकतेच जन्मलेले वासरू, आंधळे, लंगडे, खंगलेले किंवा थकलेले जनावर, गेल्या ७२ तासांत व्यालेली गाय आणि वाटेत विण्याची शक्यता असलेली गाभण गाय यांची वाहतूक नियमाने निषिद्ध आहे. अशा वेळी पशुवैद्यकावर ओळखीचा किंवा गावातल्या मोठ्या माणसांचा दबाव आणणे हा त्या मुक्या जनावरावरचा अन्याय आहे, आणि वाटेत जनावर दगावल्यास सही करणारा आणि पाठवणारा असे दोघेही अडचणीत येतात. एक जनावर नाकारले गेले तर ते मागे ठेवून उर्वरित जनावरांचे प्रमाणपत्र त्यांच्या संख्येनुसार करून घ्यावे. संख्येत खाडाखोड झालेला कागद स्वीकारू नये, नवीन लिहून घ्यावा.

गाडी

प्रत्येक मोठ्या जनावरासाठी किमान दोन चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेएकवीस चौरस फूट जागा लागते आणि जागा कितीही असली तरी एका गाडीत सहापेक्षा जास्त गाई-बैल नेता येत नाहीत. नऊ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद हौद्याच्या पिकअपमध्ये हा हिशेब दोनच जनावरांचा होतो. सतरा फूट बाय सात फुटांच्या ट्रकमध्ये पाच जनावरे बसतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५-ई या नियमानुसार जनावरांच्या वाहनात प्रत्येकासाठी कायमस्वरूपी स्वतंत्र कप्पा असावा लागतो आणि परिवहन कार्यालयाचा त्यासाठीचा विशेष परवानाही लागतो, म्हणून भाडे ठरवतानाच तो परवाना पाहून घ्यावा. तळाशी काथ्याची चटई किंवा न घसरणाऱ्या फळ्या, त्यावर पेंढ्याचा थर, बाजूंना गादी आणि चढवण्यासाठी उतरता फलाट असावा. बांधावरून उडी मारायला लावून जनावर चढवण्याची सवय आता सोडलीच पाहिजे. पुढच्या पायांचे सांधे त्यातच जायबंदी होतात. तोंडे शक्यतो इंजिनाकडे करावीत, दुसरा कोणताही माल भरू नये, दावे मोकळे असावे पण खाली पडून पाय अडकेल इतके लांब नसावे. गाडीवर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव, पत्ता, दूरध्वनी, जनावरांची संख्या व प्रकार आणि सोबतच्या चाऱ्याचे प्रमाण ठळक लाल अक्षरांत लिहिलेला फलक लावावा. प्रथमोपचाराची पेटी, कडबा, पाण्याचे पिंप आणि जनावरांची सवय असलेला एक माणूस सोबत असावा.

अक्कलकोट भागात हद्दीपलीकडची गावे जवळ असल्याने काही जण जनावरे पायी नेतात. त्यासाठीही २००१ चे स्वतंत्र नियम असून आरोग्य प्रमाणपत्र तेथेही लागते, गाईंना दिवसाला ३० किलोमीटरपेक्षा जास्त चालवता येत नाही आणि सूर्यास्तानंतर चालवण्यास मनाई आहे.

सोबतची कागदपत्रे आणि वाट

आरोग्य प्रमाणपत्राची मूळ प्रत, नियमपालनाचे प्रमाणपत्र, लसीकरणाची नोंद, बिल्ल्याचा क्रमांक असलेला ग्रामपंचायतीचा मालकी दाखला किंवा बाजार समितीची सौदा पावती, दोन्ही बाजूंची ओळखपत्रे आणि खरेदीदार शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून त्याच्या जमिनीचा उतारा असा संच करावा. मूळ कागद चालकाजवळ, छायाप्रतींचा एक संच सोबतच्या माणसाजवळ आणि एक घरी ठेवावा. प्रमाणपत्रात ज्या मार्गाचा उल्लेख आहे त्याच मार्गाने जावे. विजयपूरकडे जाणारी गाडी नांदणी-टाकळीवरून जाणार असे लिहून ती मंगळवेढ्याच्या आडवाटेने नेली, तर सर्व कागद खरे असूनही संशय निर्माण होतो. तपासणीसाठी थांबवले असता कागद आणि बिल्ले शांतपणे दाखवावेत आणि तेवढ्या वेळात जनावरांना पाणी पाजून घ्यावे. गाडी बंद पडून मुक्काम वाढला किंवा एखादे जनावर बसून उठेनासे झाले, तर ज्या गावी आहोत तेथील दवाखान्यात दाखवून त्याची नोंद घ्यावी आणि मगच पुढे निघावे.

पोहोचल्यानंतर

जनावर उतरवून आधी पाणी, मग थोडा कोरडा चारा द्यावा. पेंड आणि आंबोण पहिल्या दिवशी टाळावे, कारण उपाशी पोटी खुराक पडला की पोट फुगते. नवीन जनावर घरच्या जनावरांपासून वेगळे, वेगळ्या पाण्याच्या भांड्यावर आणि शक्यतो वेगळ्या माणसाच्या देखरेखीखाली किमान तीन आठवडे, लम्पीचा प्रादुर्भाव चालू असेल तर चार आठवडे ठेवावे. या काळात रोज सकाळी तापमान घेऊन लिहून ठेवावे. लाळ गळणे, लंगडणे किंवा अंगावर गाठ दिसताच जवळच्या दवाखान्याला आणि ग्रामपंचायतीला कळवावे, कारण अधिसूचित रोगाची खबर देणे ही २००९ च्या अधिनियमाने मालकावर टाकलेली जबाबदारी आहे. विक्रेत्यालाही त्याच दिवशी कळवावे, म्हणजे सोलापुरातील मूळ गोठ्यातील उरलेल्या जनावरांची तपासणी करता येईल. बिल्ल्याच्या क्रमांकावरील मालकीचा बदल ‘भारत पशुधन’ प्रणालीत नोंदवून घेण्यासाठी विक्रेत्याने पावती आणि प्रमाणपत्राची छायाप्रत घेऊन आपल्या दवाखान्यात जावे आणि खरेदीदाराचे नाव त्या क्रमांकासमोर दिसेपर्यंत पाठपुरावा करावा. तोपर्यंत कागदोपत्री ते जनावर विक्रेत्याच्याच दावणीला बांधलेले असते.